ताईच्या गॅलरीतला पाहुणा

३ एप्रिल, सोमवार

शेवटची भिंत आज मिळाली. सगळ्या शहराचे चौकोन पाडून झाले, प्रत्येक चौकोनात कुणा ना कुणाच्या बाहेरच्या भिंतीवर आमचं यंत्र बसलं, राहिला होता एकच. जुन्या छापखान्यामागच्या गल्लीचा. तिथे कुणी भिंत देईना. यंत्र वीज खातं, यंत्र चोरून ऐकतं, यंत्र लागलं की मागोमाग घरं पाडायला माणसं येतात, एक ना दोन. शेवटी ताईचीच गॅलरी घेतली. सख्ख्या बहिणीची भिंत चालेल का, असं साहेबांना विचारलं तर म्हणाले, "भिंतीला कुठलं आलंय नातं? लावा आणि मोकळे व्हा."

यंत्र म्हणजे दिसायला अगदीच बापुडवाणं, झडपा असलेला पांढरा डबा. उष्णता, धूळ आणि आवाज मोजतो आणि दर तासाला कचेरीत पाठवतो. ताईने त्याला सगळ्या बाजूंनी निरखलं.

"छोट्या, याला खायला-प्यायला काही लागतं का?"

"काही नाही."

"बरा पाहुणा आहे. नाहीतर तू."

माझं वय बावन्न. विभागप्रमुख आहे. यंत्र बसवायला आलेल्या दोघांसमोर छोट्या! त्यातला एक हसू दाबायला जिना उतरून गेला. पण आई गेल्यावर ज्या बाईने मला भरवलं, झोपवलं आणि बदडलंही, तिच्यापुढे विभागप्रमुखपण चालत नाही.

"हे मोजून काय करणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, गल्लीवर किती ताण आहे ते बघणार. पुढचं सांगितलं नाही. रहिवाशांना मोजणीचा हेतू सांगू नये हा नियम मीच लिहिलाय. हेतू कळला की माणूस आकडा वाकवतो.

"म्हणजे गल्लीची परीक्षाच की," ती म्हणाली.

"तसंच समज."

६ एप्रिल, गुरुवार

बायको म्हणाली, तुझं काम मला एकदा माणसांच्या भाषेत सांग. जेवताना प्रयत्न केला. एखाद्या चौकोनात माणसं किती, मोकळी जमीन किती, पाणी किती उपसतात, कचरा किती पडून राहतो, हवा किती तापते आणि किती बिघडते, या सगळ्याची शंभरात गोळाबेरीज म्हणजे ताणांक. शहर आपल्या जमिनीवर किती दिवस असं बसू शकेल त्याचं हे माप. सत्तरच्या वर गेला तो चौकोन ताणलेला. ताणलेल्या चौकोनात उरलीसुरली मोकळी जागा बांधकामाला द्यायची नाही, असा ठराव आहे. आमच्या कामाला दात असलेला तो एवढाच. बाकी आमचे नकाशे व्हरांड्यात शोभेला टांगतात.

"मग ताईच्या मागचं मैदान?" बायकोला नेमकं तेच सुचलं.

छापखाना पाडल्यापासून ती जागा मैदान म्हणूनच वापरात आहे. पोरं खेळतात, म्हातारी माणसं संध्याकाळी टेकतात, गल्लीत जो काय वारा शिरतो तो तिथूनच. तिथे वीस मजले उभे करायचा आराखडा मंजुरीच्या दारात येऊन बसलाय. आता सगळं ताणांकावर. माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बाकीच्या रकान्यांत ती गल्ली तशीही तळाला आहे. उन्हाळ्याचे आकडे आले की सत्तर ओलांडलीच म्हणून समजा.

"ताईंना सांगितलंस?"

"नियम आहे."

"तुझा नियम," असं म्हणून तिने ताटं उचलली.

१५ एप्रिल, शनिवार

ताईकडे जाऊन आलो. वरचा मजला, डोक्यावर पत्रा, आत पाऊल टाकताच भाजल्यासारखं होतं. गॅलरीत मात्र बरं वाटलं. दोरीवर चादरी वाळत होत्या, पाण्याने निथळत होत्या. या वयात एवढं धुणं कशाला काढतेस म्हटलं, तर म्हणाली हाताला काम हवं. टेबलफॅन उंबऱ्यावर, तोंड बाहेरच्या बाजूला. आतली गरम हवा बाहेर जाते म्हणे. विचार चुकीचा नाही. तिला विज्ञान पहिल्यापासून जमायचं.

आंघोळ राहिली होती तिची. पाणी सकाळी तासभर येतं, संपलं म्हणाली. टिपून घेतलं. पाण्याच्या रकान्यात उपयोगी पडेल.

निघताना विचारते, "कसा चाललाय आमच्या गल्लीचा अभ्यास?" मी गूढ हसलो.

२४ एप्रिल, सोमवार

आमच्याकडे आकडे तपासायला एक बाई आहेत. दोन घरांपर्यंत दशांश दिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही, म्हणून सगळे त्यांना दशांशबाई म्हणतात. त्या आज माझ्या टेबलाशी आल्या.

"तुमच्या त्या गल्लीत दुपारी दोन वाजता संध्याकाळ होते का हो?"

आलेख पाहिला. सगळं शहर दुपारी तापतं तेव्हा ताईच्या गल्लीची रेघ खाली उतरते. शेजारच्या बंगल्यांच्या चौकोनात झाडंच झाडं, पण त्याच्याहूनही खाली. मी म्हटलं, मैदानावरून वारा येतो. त्या म्हणाल्या, वारा असेलही, पण इतका गुणी वारा मी पाहिला नाही. मला रागच आला. त्यांनी ती गल्ली बघितली तरी आहे का?

२८ एप्रिल, शुक्रवार

गोळाबेरीज आली. अडुसष्ट.

पुन्हा केली. अडुसष्टच.

मैदान जाणार. साहेब म्हणाले, "चला, तुमच्या बहिणीची गल्ली आपण समजत होतो तेवढी वाईट नाही, आनंदाची गोष्ट आहे." मी गोळाबेरीज तिसऱ्यांदा करायला घेतली.

२९ एप्रिल, शनिवार

दुपारी न सांगता गेलो.

ताई गॅलरीत स्टुलावर उभी होती. पदर खोचलेला, हातात पाण्याचा तांब्या. यंत्राच्या दोन्ही अंगांना ओल्या चादरी, वर छपरासारखा ओला टॉवेल, समोरून टेबलफॅन. मी दारातूनच ओरडलो. ती दचकली, पडता पडता वाचली.

"हे काय चालवलंयस?"

"अरे, केवढं तापतं बिचारं! हात लावून बघ. माणसाने सावली तरी शोधावी, ते कुठे जाणार? भिंतीला टांगलंय तुम्ही."

"केव्हापासून?"

"आल्या दिवसापासून. आणि तूच म्हणालास ना परीक्षा आहे? मग नापास होऊ देऊ गल्लीला? खालची शिवणवाली पण दुपारी एक बादली आणून देते. सगळ्यांनी मिळून सांभाळलंय त्याला." तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट होती.

मी तिला नको ते बोललो. अडाणी म्हणालो. तांब्या तिच्या हातातून हिसकावून घेतला, पाणी सगळं जिन्यात सांडलं. ती हळूच म्हणाली, "मला कुणी सांगितलं का काय हवंय ते?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात माझाच होता. आपल्या वाटणीचं पाणी, आपल्या वाटणीचा वारा तिने त्या डब्याला दिला आणि त्या डब्याने तिचं मैदान घालवलं.

२ मे, मंगळवार

साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं संतापतील, तर ते आधी पोट धरून हसले. मग गंभीर झाले. गल्लीचे आकडे रद्द केले तर रिकाम्या चौकोनाला शेजारच्या चौकोनांची सरासरी द्यायची, हाही आमचाच नियम. शेजारी बंगले. म्हणजे ताणांक आणखी खाली. दशांशबाई तिथेच होत्या. त्यांनीच वाट काढली. उन्हाळा अजून आहे, दहा दिवस फेरमोजणी करा, त्या दहा दिवसांत यंत्राला कुणी शिवायचं नाही. समितीने मानलं. एका तासाचा आकडा जरी चुकला तर मात्र पुन्हा संधी नाही.

बाई इतक्या बऱ्या आहेत हे मला माहीत नव्हतं.

४ मे, गुरुवार

नियम मोडला. ताईला सगळं सांगितलं. सत्तरची रेघ, मैदान, वीस मजले. तिने दोनदा समजावून घेतलं.

"म्हणजे वाईट गुण मिळाले तर मैदान राहणार?"

"वाईट नाही, खरे."

"आणि आमचे खरे गुण वाईटच आहेत."

"हो."

ती मैदानाकडे वळली. पोरांचा आरडाओरडा चालू होता. मग म्हणाली, "आधीच सांगायचं नाही का रे? उगाच पाण्याची नासाडी." आणि लगेच, "आता मी काय करायचं?"

"काही नाही. दहा दिवस काहीच करायचं नाही."

"काहीच?"

"काहीच."

"बरं," म्हणाली. लहानपणी आई डॉक्टरांचं ऐकून घ्यायची तसं मान डोलावून.

७ मे, रविवार

फेरमोजणी आजपासून. मी स्वतः तिकडे न फिरकायचं ठरवलंय. भावाने येऊन आकडे फिरवले असं कुणी म्हणायला नको. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार.

९ मे, मंगळवार

रेघ कशी सरळ वर चाललीये! दुपारी दोनला शहरातली सगळ्यात उंच रेघ ताईच्या गल्लीची. दशांशबाईंनी नुसती मान हलवली, त्यांच्याकडून ही टाळीच.

११ मे, गुरुवार

आकडे सुंदर. सुंदर हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही. ताईला फोन केला.

"काही करत नाहीयेस ना?"

"काही म्हणजे काही नाही." आवाज जड वाटला. झोपली होतीस का विचारलं, तर म्हणाली दुपारभर झापडच येते, बोलायला जीव होत नाही. या वयात विश्रांती मिळतेय ते बरंच. पूर्वी स्टुलावर चढून पाणी मारत होती, त्यापेक्षा केव्हाही चांगलं.

बायको म्हणाली, जाऊन बघून ये. मी म्हटलं, मंगळवारी मोजणी संपली की जाऊच. ती म्हणाली, "तू फोन ताईंना केलास की यंत्राला?"

१३ मे, शनिवार

उन्हाळ्यातला सगळ्यात कडक दिवस. बातम्यांत सारखं घराबाहेर पडू नका. ताई कुठे पडतेय बाहेर, या विचाराने हायसं वाटलं. आकडा त्र्याहत्तरच्या पुढे. साहेबांना सोमवारी कचेरीत सांगणार होतो, राहवलं नाही, आजच फोन केला.

ताईने फोन घेतला पण माझं नाव विचारलं. थट्टा करत असेल.

१६ मे, मंगळवार

सकाळी लिहायला घेतलं होतं की आज संपणार मोजणी, पण वेगळंच लिहायची वेळ आली.

शिवणवालीचा कचेरीत फोन आला. "दादा, तुमची ताई दार उघडत नाहीये." मी पोचलो तोवर खालच्या न्हाव्याने कडी तोडली होती. खोलीतली हवा अंगावर आली, भट्टीचं दार उघडल्यासारखी. खिडक्या बंद. गॅलरीचं दार बंद, फटीत फडकं कोंबलेलं. टेबलफॅनचा प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली. बादल्या काठोकाठ भरलेल्या, त्यांना हात लावलेला नाही. ताई गॅलरीच्या दाराशी पडली होती. गाल लाल, अंगाला घाम नाही, डोळे उघडे पण मला बघत नव्हते.

शिवणवाली रडत रडत सांगत होती. "मी म्हणत होते हो पंखा तरी लावा. तर म्हणायच्या, छोट्याने काही करू नको सांगितलंय, आतली हवा बाहेर गेली तर त्याचं यंत्र बिघडेल. मी पाणी शिंपडायला आले तर हाकलून दिलं मला."

तिला खाली उतरवताना मी एकदा मागे वळून पाहिलं. यंत्राचा दिवा लुकलुकत होता. दहाव्या दिवसाचे शेवटचे तास भरत आले होते, आणि ते मला कळलं. त्या क्षणीसुद्धा कळलं. हे मी कुणाला सांगणार नाही.

१८ मे, गुरुवार

उष्माघात. मूत्रपिंडांना मार बसलाय. डॉक्टर तरुण आहे, सरळ बोलतो. वाचतील म्हणाला, पण असल्या खोलीत परत ठेवू नका, पुढचा झटका सहन व्हायचा नाही.

दुपारी तिने डोळे उघडले. जीभ जड झालीये. कान तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं. "भरले का रे दहा दिवस?"

मी हो म्हटलं. ती झोपली. बायको दाराशी उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही. आज दिवसभर बघितलेलं नाही.

२२ मे, सोमवार

चौऱ्याहत्तर. मोजणी अखंड, कुठेही फट नाही.

दशांशबाईंना मी एकच विचारलं. तिने पंखा लावला असता, दार उघडं ठेवलं असतं, स्वतःच्या अंगावर ओलं फडकं घेतलं असतं, तर किती फरक पडला असता? त्यांनी गणित मांडलं. मला वाटतं उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं, पण मांडलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "खोलीतला पंखा गल्लीची हवा हलवत नाही. दुसऱ्या दशांशातही दिसला नसता."

त्यांनी कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि मला चहा आणून दिला.

काही नाही. हाच शब्द मी ताईला सांगितला होता. काहीच करायचं नाही. मला म्हणायचं होतं यंत्राला काही करू नकोस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण माझंच जळत होतं आणि मी रेघ बघत होतो.

२६ मे, शुक्रवार

समितीने ठराव केला. छापखान्याची जागा मोकळी राहणार. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेऊन हलवला. म्हणाले, हा आकडा आता सगळ्या गल्ल्यांना दाखला म्हणून वापरता येईल.

गल्लीत गेलो नाही. शिवणवालीचा फोन आला, पोरं मैदानात ओरडताहेत ते तिने मला ऐकवलं. गल्ली तुमची नि ताईंची कायम आठवण ठेवेल म्हणाली. मी घाईघाईने फोन ठेवला.

३ जून, शनिवार

ताईला आमच्याकडे आणून आठवडा झाला. उत्तरेकडची खोली दिली आहे, खिडकीबाहेर झाडं आहेत, दुपारीही गार असते. हात अजून थरथरतात पण बोलणं मोकळं झालंय. बायको तिच्याशी तासन् तास बोलते. माझ्याशीही थोडं बोलायला लागलीये.

आज सकाळी ताई म्हणाली, "मला घरी कधी सोडतोस?"

मी डॉक्टरांचं सांगितलं. तिला पटेना. मग मी माझ्या परीने समजावायचं म्हणून आलेख काढून तिच्यासमोर ठेवला. "हे बघ ताई. ही तुझी गल्ली. एवढ्या उकाड्यात माणसाने राहू नये, हे आता मोजून सिद्ध झालंय. मी माझ्या मनचं सांगत नाही."

तिने चष्मा लावून ती रेघ बोटाने शेवटपर्यंत नेली.

"हे माझ्या एकटीच्या खोलीचं आहे?"

"नाही, सगळ्या गल्लीचं."

"शिवणवालीचं पण?"

"हो."

"तिची सून पोटुशी आहे. आणि खालचा न्हावी, त्याची आई माझ्याहून मोठी आहे. तिला जिना उतरता येत नाही. त्यांना कुठे नेतोयस?"

मी म्हटलं, "मैदान राहिलं ना, ताई. सगळ्यांना वारा मिळेल."

"वारा आधीही होताच की रे. मैदान गेलं नाही एवढंच. चौऱ्याहत्तर आले ते मैदान धरूनच ना?"

धरूनच. मोकळ्या जमिनीचा रकाना मीच भरलाय. मैदान होतं म्हणून चौऱ्याहत्तरवर थांबलं, नसतं तर किती वर गेलं असतं ते आम्ही मोजलेलं नाही. जमिनीचं काय करायचं याचा ठराव आहे. माणसांचं काय करायचं याचा नाही. तो कुणी मांडला नाही, मीही नाही.

"पुढच्या वर्षी पुन्हा मोजणार आहोत," मी म्हणालो.

ती उठली. भिंतीला धरून कपाटापर्यंत गेली आणि आपले कपडे काढून पिशवीत भरायला लागली, एकेक घडी सावकाश. मी तिला थांबवायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्या आकड्याने सांगितलंय, सगळं माझ्या बाजूने आहे. पण तिला एकटीलाच का थांबवायचं, हे मला सांगता आलं नसतं, आणि तिने ते विचारलंच असतं. पिशवीची चेन तिच्या थरथरत्या बोटांना लागेना. ती मी लावून दिली.